चाळणीखालचं

बाबा, तुमची चाळणी मी आज भिंतीवरून काढली. तीन वर्षं ती माझ्या क्लासच्या खोलीत, माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे खिळ्याला टांगलेली होती. तुम्ही विचाराल, कसला क्लास, मी होतो तेव्हा तू तर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकणार होतास. टाकलं होतं. काही वर्षं बरं चाललं, मग चालेनासं झालं, आणि मी लोकांना शेअर बाजारात पैसे कसे कमवायचे हे शिकवायला लागलो. मंगरूळपीरला एका कृषी केंद्राच्या वर खोली घेतली आहे. खालून फवारणीच्या औषधांचा वास येत राहतो. जिन्यापाशी माझा फ्लेक्स आहे, त्यावर शिंगं उगारलेला बैल आणि शेजारी हाताची घडी घातलेला मी. कोट फोटोग्राफरचा होता. बाह्या आखूड पडल्या, म्हणून घडी घालून उभा राहिलो. आधी मला तो फोटो आवडायचा. आता जिना चढताना मी मान वळवून वर जातो.

धंदा काय ते तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगतो. बाजार समितीच्या फळ्यावर रोज तीन भाव लिहिलेले असायचे, सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त आणि सर्वसाधारण. तुम्ही सोयाबीनचं माप संपवून, पायांवरची धूळ झटकत फळ्यापाशी यायचे आणि दर दोन-चार दिवसांनी एकच गोष्ट विचारायचे. "हा मधातला भाव आजलोक कोनाले भेटला, थो मानूस मले दाखोजा एखांद्या दिवशी." हमाल हसायचे. मीही हसायचो, कारण तुम्ही हसवायला म्हणता असं मला वाटायचं. बाबा, माझं सगळं दुकान त्या मधातल्या भावावर उभं आहे. एखाद्या शेअरच्या गेल्या नऊ दिवसांच्या भावांची सरासरी काढायची आणि रोज नवा दिवस घेऊन जुना सोडायचा, म्हणजे एक रेघ तयार होते. तशीच एकवीस दिवसांची दुसरी रेघ. नऊवाली चपळ, एकवीसवाली जड. चपळ रेघ जड रेघेला खालून वर कापून गेली की विकत घ्यायचं, वरून खाली आली की विकून मोकळं व्हायचं. याला आम्ही क्रॉसओव्हर म्हणतो. दहावीतल्या पोरालाही समजतं, आणि म्हणूनच ते विकलं जातं.

कोरोनाच्या दिवसांत दुकान बंद होतं तेव्हा मी हे मोबाइलवर पाहून शिकलो. त्या वर्षी बाजार सरळ वर चालला होता आणि कोणीही शहाणा ठरत होता. मीही ठरलो. मग बाजार एका जागी डोलायला लागला. नऊची रेघ आज वर, चार दिवसांनी खाली, पुन्हा वर. प्रत्येक वेळी मी वरच्या भावाला घ्यायचो आणि खालच्या भावाला विकायचो, कारण सरासरी ही झालेल्या गोष्टीची असते. रेघा एकमेकींना कापेपर्यंत भाव पुढे निघून गेलेला असतो, आणि आपण तो गेला त्या वाटेकडे तोंड करून उभे असतो. ज्यांच्याकडून मी शिकलो होतो ते गाडीच्या बोनेटवर बसून व्हिडिओ करणारे गुरुजी म्हणाले, नुसत्या क्रॉसओव्हरवर जाऊ नका, फिल्टर लावा. मी फिल्टर लावले. भाव दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तरच घ्यायचं, हा पहिला. त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त खरेदी-विक्री झाली असेल तरच, हा दुसरा. मग चालीत जोर किती ते सांगणारा एक आकडा, मग भाव फार ताणला गेलाय का ते सांगणारा आणखी एक. गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात बसून मी जुन्या भावांचे तक्ते उघडायचो, एकेक फिल्टर लावायचो आणि तोट्याचे सौदे पटापट गळताना पाहायचो. जोराच्या आकड्याची अट पंचवीसवर ठेवूनही एक वाईट सौदा उरलाच, तर अठ्ठावीसवर न्यायचो. तोही गेला की मला जे सुख व्हायचं त्याची आता शिसारी येते. शेवटी तक्त्यावर उरले ते नऊ बाण, म्हणजे खरेदीच्या नऊ खुणा, नऊही नफ्याच्या. असा देखणा तक्ता मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या स्वतःच्या खात्यात मात्र तो कधी उतरला नाही, आणि मी म्हणत राहिलो की माझी शिस्त कमी पडते.

मग मला सुचलं की हे शिकवता येईल. आणि शिकवायचं तर काहीतरी आपलं हवं, म्हणून माळ्यावरून तुमची चाळणी काढली. पितळी कडीची, मागच्या बाजूला समितीचा शिक्का असलेली, निवृत्त झालात त्या दिवशी घरी आल्या आल्या तुम्ही माझ्या हातात दिलेली. मी तिला ब्रासो लावलं. पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला मी ती हातात धरून उभा राहतो आणि म्हणतो, "माझे वडील मापारी होते. चाळीस वर्षं त्यांनी माल चाळला. मी बाजार चाळतो." मग फळ्यावर नऊ बाणांचा तक्ता टाकतो. लोक टाळ्या वाजवतात, बाबा. एका निवृत्त मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे वाक्य मी आरशासमोर पाठ केलेलं आहे, कुठे थांबायचं तेही ठरलेलं आहे.

मला तुमच्यासोबत घालवलेली ती दिवाळीची सुट्टी आठवते. मी अकरावीत. समितीच्या ओट्यांवर सोयाबीनचे ढीग लागलेत, बैलगाड्या आणि छोटे टेम्पो गेटाबाहेरपर्यंत उभे आहेत, आणि तुमचा मदतनीस तापाने पडलाय म्हणून तुम्ही मला सोबत घेतलंय. काम सोपं होतं. ढिगात कोपरापर्यंत हात घालून बुडातला माल काढायचा, एक किलो चाळायचा, खाली जी माती, काडी, फुटका दाणा पडेल ती कागदावर घेऊन छोट्या काट्यावर तोलायची आणि आकडा शेतकऱ्यासमोर मोठ्याने सांगायचा, त्यावरून त्याच्या पैशांतली कपात ठरायची. दुपारपर्यंत मी हे करून कंटाळलो. जवळजवळ प्रत्येक ढिगाला तोच आकडा येत होता, मग मोजायचं कशाला. आसेगावच्या एका माणसाला गाडी घेऊन लवकर निघायचं होतं. मी त्याचा माल चाळला, खालचं मातेरं ओट्याच्या कडेला उडवून दिलं आणि आकडा सांगून टाकला, सकाळपासून येत होता तोच. तो माणूस हो म्हणाला. व्यापारी हो म्हणाला. तुम्ही तीन ढीग पलीकडे होते, तुम्ही हातातलं काम ठेवून आले.

"कायचा आकडा सांगतला तू?" तुम्ही विचारलं. मी सांगितलं. "तोल्लं कधी?" मी म्हटलं, सगळ्यांचं तेवढंच येतंय. तुम्ही माझ्यावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले, "सकायपासूनच्या लोकाईचं मातेरं ह्याच्या मालात कायले घालून राह्यला? उचल थे." मी ओट्यावर गुडघे टेकून, सगळ्यांच्या देखत, बोटांनी ते मातेरं गोळा केलं. कुठलं त्याचं आणि कुठलं आधीचं हे आता कळणार नव्हतं. तुम्ही ते पाहिलं, माझ्या हातातून घेऊन फेकलं, आणि पुन्हा ढिगात हात घालून पहिल्यापासून चाळलं. आकडा माझ्यापेक्षा कमी आला. त्या माणसाची कपात अर्ध्याने वाचली. त्याने तुम्हाला चहा पाजायचा म्हटलं, तुम्ही घेतला नाही.

त्याच आठवड्यातला दुसरा प्रसंग, तो मी विसरून गेलो होतो. एक खरेदीदार स्वतःची चाळणी घेऊन आला होता. ढिगाभोवती फिरला, माल बारीक दाण्याचा आहे हे पाहिलं, आणि जरा मोठ्या भोकांची, दाणाही खाली पाडणारी चाळणी तुमच्यापुढे धरून म्हणाला की आज हिच्याने चाळा. तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "शेठ, चायनी घरून निंगतानीच हाती येते. ढीग पाह्यल्यावर बदलत नाइ." तो बडबडत निघून गेला. मला तेव्हा वाटलं, बाबा उगाच एका चाळणीसाठी मोठ्या माणसाशी वाकडं घेतात.

आता ताईचं सांगतो. तिचं बरं चाललं होतं. अनसिंगजवळ तिचा आणि भाऊजींचा विहिरीच्या पाण्याचा तो तुकडा, वांगी, मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, पहाटे वाशीमच्या बाजारात माल. भाऊजींना आता ऐकू कमी येतं, व्यवहार सगळा तीच पाहते. गेल्या वर्षी तो तुकडा रस्त्यात गेला. मोबदला आला, पण रस्ता होणार म्हटल्यावर आजूबाजूच्या जमिनीचे भाव असे चढले की त्या पैशांत पाण्याचं वावर येईना. कोरडवाहू येत होतं, पण ताईला भाजीपाल्याशिवाय दुसरं येत नाही आणि कोरडवाहूत भाजी होत नाही. सध्या ती दुसऱ्याच्या मळ्यात निंदायला जाते. बावन्न वर्षांची आहे. तिचं साधं म्हणणं होतं, पैसे निम्म्याने वाढले की तळ्याकडचा एक तुकडा येतो, तेवढं तू करून दे. आणि करून दे म्हणून नुसती बसली नाही, मी काय करतो ते समजून घ्यायला क्लासला आली. दोन रविवार एसटीने आली, पिशवीत माझ्यासाठी सांबाराची जुडी आणि शंभर पानी वही घेऊन. पोरांमध्ये पहिल्या बाकावर बसली.

गेल्या रविवारी नवी तुकडी सुरू झाली आणि मी नऊ बाणांचा तक्ता लावला. तुमची चाळणी हातात घेतली, वाक्य म्हटलं, थांबायचं तिथे थांबलो. टाळ्या झाल्या. ताईने हात वर केला, शाळेत करतात तसा.

"भाऊ, हे तं चायनीवरचं झालं," ती म्हणाली. "खालचं कुठं ठुलं?"

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली, कारण कोणालाच प्रश्न कळला नव्हता. मला कळला. पण तीन वर्षांत तोंड फार सराईत झालंय. मी म्हटलं, "ताई, कचरा कोणी सांभाळून ठेवतं का?" पोरं हसली. तीही हसली, तोंडाला पदर लावून, आपण काहीतरी अडाण्यासारखं विचारलं असं वाटून. आणि मग तिने मान खाली घालून वहीत लिहून घेतलं. मी वाकून पाहिलं. तिच्या त्या मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कचरा ठेवायचा नाही. बाबा, तुमच्या लेकीने. जी दहा वर्षांची असल्यापासून तुमचा डबा घेऊन त्या ओट्यांवर यायची आणि मातेऱ्याच्या पुड्या राखायची.

जिन्यात ती म्हणाली, "मंगयवारी तुह्या भाऊजीले घेऊन बँकेत जातो. तू म्हनशीन थ्या खात्यात टाकतो. बाबाचा हात हाय तुह्यात, मले काय भेव." मी तिला बसमध्ये बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

सोमवारी मी खोलीला आतून कडी लावली आणि तीन वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. चाळणीखालचं गोळा केलं. ज्या ज्या सौद्यांना माझ्या फिल्टरांनी गाळलं होतं ते सगळे एका कागदावर उतरवले. त्यांत तोट्याचे होतेच, पण नफ्याचेही होते, आणि एक तर इतका मोठा की तो एकटा माझ्या नऊ बाणांतल्या चार बाणांच्या बरोबरीचा. चाळणीने माती आणि दाणा सारखेच गाळले होते. मग दुसरं केलं. फिल्टर ठरवल्यानंतरचे महिने घेतले, जे तेव्हा मी पाहिलेच नव्हते, आणि त्यांवर तेच फिल्टर, एकही आकडा न हलवता, लावले. पहिला सौदा तोट्यात. दुसरा तोट्यात. तिसरा थोडा नफ्यात, चौथा पुन्हा तोट्यात. दुपारी वीज गेली, खोली तापली, मी गंजीवर बसून पुढे लिहीत राहिलो. सगळं उतरवून झाल्यावर जे उरलं ते नुसत्या क्रॉसओव्हरइतकंच होतं. दलाली आणि कर धरले तर त्याहून वाईट. फिल्टर ही खोटी गोष्ट नाही, बाबा, ते मी मान्य करतो. कोणी आधी ठरवून, गाळलेलंही तोलून वापरत असेल तर वापरो. मी ढीग पाहिला, कुठला दाणा किडका आहे ते पाहिलं, आणि नेमका तोच पडेल अशी भोकं पाडली. मग त्यावर तुमचा शिक्का मारून लोकांना दाखवली. मला स्वतःचा एवढा वीट कधी आला नव्हता. त्या खरेदीदाराने निदान आपली चाळणी आपली म्हणून पुढे केली होती.

मंगळवारी पहिल्या गाडीने निघालो. वाशीमला गाडी बदलली, अनसिंगला उतरेपर्यंत काय बोलायचं ते पूर्ण जुळवलं. ताई, तू विचारलंस ते बरोबर होतं. मी खालचं कोणालाच दाखवलेलं नाही. हे असं, एवढं सोपं. कागदही खिशात होता.

ती चुलीपाशी होती. गॅस आहे तिच्याकडे, पण भाकरी चुलीवरच करते. बँकेत जायचं म्हणून चांगलं लुगडं नेसून त्यावर जुनी ओढणी बांधलेली, पिठाचा डाग नको म्हणून. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीवर काढून ठेवलं होतं. भाऊजी दाढी करून, धुतलेला सदरा घालून बाजेवर तयार बसले होते. मी पाटावर बसलो, पाणी प्यालो आणि म्हटलं, "ताई, पैसे राहू दे. बँकेतच मुदतीत ठेव. सध्या बाजार बरोबर नाही."

तिने तव्यावरची भाकर उलटली. "काहून? रयवारी तं म्हने बरा हाय."

"रविवारनंतर बिघडला," मी म्हटलं. सोमवारी बाजार वरच गेला होता.

तिने ती भाकर काढून चुलीच्या आराला उभी केली. तळ्याकडचा तुकडा तिच्या डोळ्यांपुढून जात असणार, आणि तो मी घालवला होता, त्याचं तरी खरं कारण तिला मिळायला हवं होतं. मग ती उठली, पासबुक पिशवीसकट पेटीत ठेवलं, हात धुतले आणि माझ्यापुढे ताट केलं. भाकर, वांग्याचं भरीत, वर सांबार. म्हणाली, "दुसरा कोनी असता तं घेतले असते पैसे. दुसऱ्या कोनाचा सख्खा भाऊ असता तरी घेतले असते. तू बाबावरच गेला, भाऊ." तिचे डोळे भरले होते. भाऊजींना ऐकू गेलं नव्हतं, तरी त्यांनी मान हलवली.

कागद खिशातच होता. मी तुमच्यावर गेलेलो नाही, असं म्हणू शकलो असतो, अडवायला तोंडात फक्त घास होता. मी भाकर खाल्ली, दुसरीही घेतली, आणि ते तुमचं नाव माझ्या अंगावर राहू दिलं. क्लासमधल्या बाकी बावीस जणांनाही अजून काही सांगितलेलं नाही. येत्या रविवारी सांगेन असं इथे लिहिणार होतो, पण ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

निघताना ताई फाटकापर्यंत आली. म्हणाली, धने चाळायला तिच्याकडे नीट चाळणी नाही, बाबाची चाळणी तुझ्याकडे नुसती टांगलेलीच असते, ती आणून दे. मी हो म्हटलं. म्हणून आज ती खिळ्यावरून काढली, पिशवीत घातली. या पत्राची पहिली ओळ मी अशी लिहिली की तुम्हाला वाटावं, पोराला लाज वाटली आणि त्याने ती काढली. ताईने मागितली नसती तर ती अजून तिथेच असती. ओळ खोडायला पेन टेकवलं होतं, मग राहू दिली.